नवी मुंबईतील मोकळ्या जागांची पार्श्वभूमी

मुंबईची वाढ उत्तरेकडे न रेटता खाडीपलीकडच्या मुख्य भूमीवर वळवावी, हा विचार वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर मांडला आणि १९७० मध्ये सिडको या राज्य सरकारच्या नगरविकास महामंडळाच्या स्थापनेने त्याला मूर्त रूप आले. ज्या ९५ गावांची जमीन संपादित करून हे शहर उभे राहिले, तेथे आगरी-कोळी समाजाची भातशेती, मिठागरे आणि मासेमारी होती. आजच्या उद्यानांखालची जमीनही त्याच संपादनातून आली, हे या इतिहासातून वगळता येत नाही.

या जमिनीचा मोठा भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली असल्यामुळे येथील मोकळ्या जागांचा विचार पाण्यापासूनच सुरू होतो. डच धर्तीवर धारण तलाव खोदण्यात आले : भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडाच्या झडपा बंद होतात, त्या काळात नाल्यांतून येणारे पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटी लागली की ते खाडीत निघून जाते. वाशीचा मिनी सी-शोअर किंवा नेरूळचा 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' येथे सकाळी चालायला येणारे नागरिक खरे तर पूरनियंत्रणाच्या व्यवस्थेच्या काठावरून चालत असतात. पुढे काही तलावांत गाळ साचला, त्यात खारफुटी वाढली आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने गाळ काढणे अवघड होऊन बसले.

घरांलगतच्या मोकळ्या जागेचा सर्वांत विचारपूर्वक प्रयोग मात्र बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये झाला. १९८० च्या दशकात कोरिया यांनी तेथे सात घरे एका लहान सामाईक अंगणाभोवती रचली आणि अशा तीन समूहांची एकवीस घरे त्याहून मोठ्या अंगणाभोवती आणली. मूल दारातून बाहेर पडले की मोकळ्या जागेतच येई. माझ्या मते शहराने हे तत्त्व पुढे मोठ्या प्रमाणावर अवलंबले नाही, ही त्याची मोठी हानी आहे.

१९९२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली आणि बहुतेक जुन्या नोडमधील (सिडकोने आखलेल्या उपनगरांतील) उद्यानांची देखभाल यथावकाश तिच्याकडे आली. त्यानंतर भर मोठ्या, एकवटलेल्या उद्यानांवर राहिला : खारघरचे सेंट्रल पार्क २०१० मध्ये, तर नेरूळचे वंडर्स पार्क २०१२ मध्ये खुले झाले.

दरम्यान भूखंडांचे भाव चढत गेले आणि मोकळ्या जागांसाठीच्या आरक्षणांवर दबाव वाढला. घणसोलीत क्रीडासंकुलासाठी राखलेली जमीन बांधकामाकडे वळवून संकुल रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात नेण्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.