जुनं नाणं खरं की खोटं: तपासून घ्यायला कुठे जायचं, कागद काय लागतात

लक्ष्मीपूजनाला डब्यातून चांदीचे रुपये काढायचे, चिंचेने घासून लखलखीत करायचे, हळदकुंकू वाहून परत डब्यात ठेवायचे, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. आमच्याकडे पण चालायचं. त्यातच एक रुपया निघाला १९११ चा, पंचम जॉर्जचा, ज्याला पिग रुपी म्हणतात तो. राजाच्या झग्यावर हत्ती आहे पण तो डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली, सरकारने बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. जाणकाराला दाखवला तर म्हणाले नाणं अस्सल आहे, पण ज्या हत्तीसाठी लोक पैसे देतात तो तुम्ही घासून घासून घालवलाय. तेव्हा पहिली गोष्ट, नाणं धुऊ नका, चिंच नाही, रांगोळी नाही, टूथपेस्ट तर अजिबात नाही. कडेला धरायचं आणि पीव्हीसी (एक प्रकारचं प्लॅस्टिक) नसलेल्या पाकिटात ठेवायचं, चिकटपट्टी लावायची नाही.

आता प्रोसेस. लोक सरळ विचारतात की नाणं अमेरिकेतल्या तपासणी संस्थेकडे पाठवून खरेपणाचं सर्टिफिकेट कसं आणायचं. त्याच्या आधी दोन प्रश्न आहेत, नाणं किती जुनं आणि तुमच्याकडे आलं कुठून, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो.

आधी वय. १९७२ चा पुरावशेष आणि कलाकृती कायदा आहे, त्यात १०० वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं म्हणजे पुरावशेष, आणि पुरावशेष देशाबाहेर न्यायचा हक्क फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला आहे. खाजगी माणसाने पाठवलं तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि वर दंड. तपासून परत येणारच आहे हो, असं म्हणून सुटका नाही. म्हणजे माझा १९११ चा रुपया भारतातच तपासायचा, आणि १९३९ चा रुपया २०३९ पर्यंत तरी या कायद्याच्या बाहेर. परदेशातल्या मराठी मंडळींना हे खास सांगतो, सुट्टीला आलात, आजोबांच्या पेटीतली शिवराई (शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं) आठवण म्हणून बॅगेत टाकलीत, तर तीही निर्यातच. वयाबद्दलच वाद झाला तर अंतिम शब्द भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा.

मग आलं कुठून. वारशाने आलं असेल, विकत घेतलं असेल तर प्रश्न नाही. पण शेत नांगरताना, विहीर खणताना, जुना वाडा पाडताना जमिनीत सापडलं तर १८७८ चा निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) कायदा लागतो. मर्यादा ऐकून हसू येईल, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही. सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, आणि माल जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा मागाल तेव्हा हजर करतो असं तारण द्यायचं. मग जिल्हाधिकारी नोटीस काढतात, कुणाचा हक्क असेल तर त्याने पुढे यावं म्हणून, आणि चार ते सहा महिन्यांनी चौकशी होते. पुरणाऱ्याचा वारस कुणी निघाला नाही आणि वेगळा करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जागामालकाला एक चतुर्थांश. सरकारला हवं असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ते सगळं घेऊ शकतं. लपवलं तर वाटा जातो आणि शिक्षा वेगळी. असा माल आधी सराफाकडे नेऊ नका, त्याला वितळवायची घाई असते.

घरच्या घरी काय बघता येतं ते सांगतो, यात खरी मजा आहे. १९३९ चा षष्ठम जॉर्जचा रुपया धरू, कारण दुर्मिळ म्हणून सगळे तोच शोधतात. १९४० पासून रुपयात चांदी निम्मी झाली, त्याआधीच्या चांगल्या चांदीचा हा शेवटचा, ९१.७ टक्के, आणि चलनात फार थोडा आला. वजन ११.६६ ग्रॅम म्हणजे बरोबर एक तोळा (जुना तोळा, आजचे सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात ते सोडा). छोट्या डिजिटल काट्यावर पाण्याची वाटी ठेवा, काटा शून्य करा, नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लोंबकळत धरा. चांदी बरोबर असेल तर काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. बराच जास्त दाखवला तर धातू हलका, म्हणजे गडबड. चुंबकावर मात्र आंधळा भरवसा नको, चांदी चिकटत नाही हे खरं पण १९४७ चा रुपया निकेलचा आहे, तो अस्सल असूनही चिकटतो.

आणि गंमत अशी की १९३९ च्या बाबतीत या सगळ्या टेस्ट पास होऊनही नाणं खोटं असू शकतं, कारण बनवाबनवी करणारे १९३८ चाच खरा रुपया घेतात आणि ८ चा ९ करतात. वजन खरं, चांदी खरी, फक्त एक आकडा खोटा. दहापट भिंगाखाली त्या ९ च्या भोवतीचा सपाट भाग बघायचा, खरवडल्याच्या रेघा, वेगळी चमक, आकड्याची उंची बाकीच्या तीन आकड्यांपेक्षा वेगळी. इथे आपली नजर कमी पडते आणि प्रोफेशनल लागतो.

१०० वर्षांच्या आतलं नाणं असेल तर नाणी तपासून ग्रेड देणाऱ्या अमेरिकेतल्या दोन संस्था मुख्य, पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७). पात्रता वगैरे काही नाही, नाणं तुमचं असलं की झालं, पण पाठवायला त्यांचं मेंबर व्हावं लागतं किंवा त्यांच्या अधिकृत डीलरमार्फत द्यावं लागतं. भारतातून डीलरच बरा, कस्टम आणि विम्याची कटकट त्याच्याकडे. फॉर्मवर देश, साल, नाण्यावर छापलेली किंमत, काही वेगळा प्रकार असेल तर तो, आणि तुमच्या मते बाजारभाव लिहायचा, त्यावरूनच फीचा स्लॅब आणि विमा ठरतो म्हणून उगाच फुगवू नका आणि फार कमीही लिहू नका. सोबत खरेदीची पावती असेल तर ती, नसेल तर वारशाबद्दल साध्या कागदावर दोन ओळी, ओळखपत्राची प्रत, आणि पाठवण्याआधीचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो वजनासकट. डीलरकडून नाणं मिळाल्याची सहीची पावती घ्या, ओळखीचा असला तरी.

तिकडे एकापेक्षा जास्त परीक्षक बघतात. पास झालं तर १ ते ७० मधला ग्रेड देऊन सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत येतं, ६० किंवा त्याच्या वर म्हणजे न वापरलेलं, आणि डबीवरचा नंबर त्यांच्या साईटवर टाकून पडताळता येतो (डब्याही नकली निघतात, विकत घेताना नंबर बघाच). अस्सल पण घासलेलं असेल तर आकडा मिळत नाही, ‘डिटेल्स’ असा शेरा येतो. नकली निघालं तर डबीशिवाय परत, फी मात्र जाते. आणि यात कुठेही किंमत सांगत नाहीत, खरेपणा आणि अवस्था एवढंच. म्हणून १९४२-४५ चा साधा रुपया पाठवू नका, फी नाण्यापेक्षा जास्त होईल.

१०० वर्षांच्या पुढचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० पासून, तिथल्या अभ्यासकांना आधी फोटो आणि वजन पाठवून विचारा. मुंबई-पुण्यात नाणेसंग्राहकांचे क्लब आहेत, लिलाव करणाऱ्या कंपन्या पण नाणं बघतात, विकायला द्यायचं असेल तर त्या पॅन, आधार, बँकेचा तपशील मागतात. अशा नाण्यांचा धंदा करायला परवाना लागतो, तो आहे का ते विचारायला लाजू नका. शिवराई घेऊन येणारे खूप असतात. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ वाचलं की महाराजांच्या हातची वाटते, पण तोच मजकूर ठेवून पुढे शंभराहून जास्त वर्षं शिवराया पाडल्या गेल्या, घरातली बहुतेक वेळा त्या नंतरच्या काळातलीच निघते.

रामदरबाराचं १८१८ चं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं घेऊन मात्र कुठेच जाऊ नका, कंपनीने तसं नाणं कधी काढलंच नाही. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं २०१२ चं आहे, भरपूर काढलंय, दुर्मिळ नाही. आणि फोनवर कुणी तुमच्या नाण्याचे लाखो देतो, आधी नोंदणीचे किंवा जीएसटीचे एवढे भरा म्हणाला तर फोन ठेवा, अशी फी घ्यायला आम्ही कुणालाही नेमलेलं नाही हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.