पार्श्वभूमी : हजारोंची भरती, लांबलेले जॉइनिंग

आयटी सेवा, म्हणजे ग्राहकांना सॉफ्टवेअरची कामे करून देणाऱ्या कंपनीने नवे केंद्र आणि हजारो जागा जाहीर केल्या की चर्चा आकड्यापाशीच थांबते. त्यातले किती जण प्रत्यक्ष रुजू झाले, कधी आणि किती पगारावर, याचा हिशेब मागे पडतो. गेल्या काही वर्षांत खरा वाद याच हिशेबावरून झाला आहे.

1991 नंतरची सॉफ्टवेअर पार्क, निर्यातीवरची करसवलत आणि शतक बदलताना संगणकांतली वर्षाची नोंद दुरुस्त करण्याची कामे यांतून भारतातल्या या व्यवसायाची घडी बसली. प्रोजेक्ट मिळताच माणसे तयार हवीत, म्हणून काही जण आधीच घेऊन बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना पगारावर, ठेवले जातात. खालचा थर फ्रेशर्सचा, म्हणजे नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांचा, कारण स्वस्त मनुष्यबळावरच नफ्याचे गणित जुळते. कॅम्पसमध्ये निवड शेवटच्या वर्षी होते, जॉइनिंग बऱ्याच महिन्यांनी. मधल्या काळात मागणीचा अंदाज चुकला तर फटका बसतो तो विद्यार्थ्याला.

2021-22 मध्ये अंदाज फारच चुकला. कोविडमुळे मागणी उसळली होती. एका कंपनीने त्या वर्षात 1 लाख फ्रेशर घेतले, दुसरीने 85 हजार. त्याच सुमारास काही मोठ्या कंपन्यांत नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण 20 टक्क्यांच्या वर गेले होते, म्हणजे भरतीचा बराच भाग रिकाम्या जागा भरण्यातच खर्ची पडत होता. घोषणांमध्ये मात्र सगळी भरती विस्ताराच्या खात्यावर जमा झाली.

मग अमेरिका-युरोपातल्या ग्राहकांनी हात आखडता घेतला आणि जॉइनिंगच्या तारखा पुढे जाऊ लागल्या. फेब्रुवारी 2023 मध्ये एका आघाडीच्या कंपनीने प्रशिक्षण पूर्ण करून थांबलेल्या फ्रेशर्सना विचारले : ठरलेल्या साडेसहा लाखांऐवजी वर्षाला साडेतीन लाखांवर येता का? होकार दिला की आधीची ऑफर रद्द. नकार दिला तर जुनी ऑफर कायम, पण जॉइनिंग कधी ते सांगता येणार नाही. बदललेल्या बाजारस्थितीचे कारण कंपनीने दिले, निवड ऐच्छिक असल्याचेही सांगितले. कर्मचारी संघटनेने निषेध केला. कागदावर हा पर्याय होता खरा. पण कित्येक महिने ताटकळलेल्या, शैक्षणिक कर्जाचे हप्ते डोक्यावर असलेल्या मुलासमोर त्याला निवड म्हणणे कठीण आहे. साडेतीन लाखांचा आकडाही काही नवा नव्हता. या क्षेत्रातला सुरुवातीचा पगार दहाएक वर्षे त्याच्याच आसपास अडकून होता, महागाई मात्र वाढत गेली.

2023-24 मध्ये सर्वांत मोठ्या कंपन्यांची मनुष्यसंख्या वाढण्याऐवजी घटली. 2025 मध्ये एका कंपनीने 12 हजारांहून अधिक पदे कमी करण्याचे जाहीर केले. झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला बसणार होती. आता भरतीच्या घोषणा पुन्हा येतात, तेव्हा त्यात एकूण भरती मोजली आहे की सोडून गेलेले वजा केल्यावरची निव्वळ वाढ, आणि ऑफर लेटरवर जॉइनिंगची तारीख छापली आहे की नाही, हे आधी पाहायला हवे.