पावलीभर चहा

सांगलीच्या गणपती पेठेत सुट्ट्या चहाच्या दुकानात एखादी आजी अजूनही "नवटाक दे रे" म्हणते आणि काट्यावरचा पोरगा पुढं काही न विचारता शंभर ग्रॅम जोखतो. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, दहा तोळे, ११७ ग्रॅमच्या आसपास. आजीचे सतरा ग्रॅम गेले.

शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. जोंधळा पायली, मापटं, चिपट्यानं मापायचा आणि चहा तागडीत घालायचा, असा रिवाज. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं आले. त्याच सुमारास, १९६० मध्ये, दक्षिण सातारा जिल्ह्याचा सांगली जिल्हा झाला. ते नाव रुळलं. पाव किलोला पावशेर म्हणणारे मात्र आजही आहेत.

चहा चाखून पारखणारे जाणकार पूर्वी पारड्यात सहा पेनीचं नाणं टाकून तेवढी पत्ती घेत. त्या नाण्याचं वजन २.८ ग्रॅम. आपला चांदीचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, म्हणजे पावली, पाव रुपयाचं नाणं, २.९ ग्रॅमची. साहेबाचं नाणं आणि आपली पावली अशी जवळजवळ सारखी निघावी, याची मला भारी गंमत वाटते. चाखणीसाठीच्या १९८० च्या आयएसओ मानकात १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं मुरवणं, असं प्रमाण आहे.

घरात पावली नाही, चमचा आहे, आणि चमचा जागा मोजतो, वजन नाही. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅककर्चर यांनी सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) यंत्र काढलं. दातेरी रुळांत पान चिरडून, फाटून, वळून त्याचे दाणे होतात. आपली 'ममरी' ती हीच. दाणे दाटून बसतात, म्हणून एका चमच्यात लांब पत्तीपेक्षा ममरी जास्त मावते. आमच्याकडं पाहुण्यांनी दार्जिलिंगची पत्ती आणली, तेव्हा आईनं सवयीनं दोनच चमचे टाकले. चहा नुसता पाणचट झाला आणि बोल लागला पत्तीला.

बरेच जण रंगासाठी डस्ट, म्हणजे चहाची भुकटी, आणि चवीसाठी ममरी असं मिसळून नेतात. डबा रोज हलतो, बारीक डस्ट हळूहळू तळाला जाते. चमचे तेवढेच पडतात, पण महिनाअखेरीला चहा कडक होतो.