कोल्हापूरची खानावळ

कोल्हापूर शहरात एकेका कुटुंबाने चालवलेले, मुख्यतः मटणाचे ताट वाढणारे छोटे भोजनगृह. पाटीवर 'हॉटेल', 'गेस्ट हाऊस', 'लंच होम' की 'घरगुती खानावळ' लिहिले आहे, याने फारसा फरक पडत नाही. खानावळ ओळखायची ती यादीच्या लांबीवरून. आत मटण ताट, चिकन ताट, अंडा ताट आणि नाइलाज म्हणून शाकाहारी ताट असते. जास्तीचे म्हणून खिमा, मटण लोणचे, क्वचित रक्ती-मुंडी. यादी पाच-सहा पानांची झाली आणि तीत पनीर शिरले की त्या जागेला कोल्हापूरकर खानावळ म्हणत नाही. २०११च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहरात बाहेरच्या साखळी हॉटेलांचा जम बसला तो महामार्गाच्या कडेला. गावातले जेवण मात्र अजून लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी आणि पेठांमधल्या अशा जागांवरच चालते.

खानावळीला गिऱ्हाईक मिळाले ते संस्थानच्या काळात. शाहू महाराजांनी १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे जातीजातींची वसतिगृहे निघाली, तशी खेड्यापाड्यांतली मुले शिकायला शहरात आली. तालमींत पैलवान होते, १९१२मध्ये कुस्तीचे खासबाग मैदान तयार झाले, आणि गुळाच्या पेठेत शेतकरी गाड्या घेऊन येतच होते. घर सोडून आलेल्या माणसाला दोन वेळचे जेवण लागते, हे साधे कारण. सार्वजनिक खाण्याच्या जागेला या शहरात आणखी एक अर्थ आहे. राजवाड्याच्या नोकरीत असताना अस्पृश्य म्हणून मारहाण सोसलेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन, सोबतच्या लोकांसह, सर्वांदेखत चहा घेतला. कुणाच्या हातचे आणि कुणाच्या शेजारी बसून खायचे, हा प्रश्न त्या काळी चवीच्या कितीतरी आधी येत असे.

ताट

ताटात सुक्के मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, जोंधळ्याची भाकरी किंवा चपाती, भात, दही-कांद्याची कोशिंबीर, चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड असते. काही ठिकाणी खर्डाही मिळतो. सुक्के मोजून येते, साधारण पाच-सहा तुकडे. रस्सा मात्र मागाल तितका, आणि खानावळीची सगळी अब्रू या 'मागाल तितक्या'त आहे. वाढप्या तांबड्या-पांढऱ्याच्या दोन किटल्या किंवा बादल्या घेऊन फिरत राहतो. वाटी रिकामी दिसूनही तो थांबला नाही, तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडे जाते.

फुकटचा रस्सा परवडतो कसा, याचे उत्तर भांड्यातच आहे. एक किलो मटणात सहा ताटे निघतात. ते शिजवायला घातलेल्या तीन लिटर पाण्यातले अडीच लिटरच्या आसपास गाळून हाती लागते. त्यात नारळाचे दूध, वाटण आणि मसाला मिळून आणखी लिटरभर भर पडते. शंभर मिलिलिटरची वाटी धरली तर पस्तीस वाट्या, म्हणजे माणशी सहाला थोड्या कमी. बहुतेकांचे चार-पाच वाट्यांत भागते आणि पैलवान आला तर हिशेब त्याच्या शेजाऱ्याच्या वाटणीतून जुळतो. रविवारी दुपारी अडीचनंतर हा हिशेब कोलमडतो. मटण संपत आलेले, गिऱ्हाईक दारात उभे, मग रश्श्यात गरम पाणी पडते. म्हणून चांगल्या खानावळी नळ्यांचे आणि हाडांचे पाणी वेगळे उकळून हाताशी ठेवतात. ज्या ठेवत नाहीत तिथे रविवारी उशिरा जाऊ नये.

अळणी

दोन्ही रश्श्यांचे मूळ एकच : मटण शिजलेले पाणी, म्हणजे अळणी. नाव अळणी असले तरी त्यात बेताचे मीठ असते. नसते ते तिखट. मटण धुऊन त्याला मीठ आणि आले-लसणाचे वाटण चोळतात. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर कांदा परतून मटण टाकायचे, त्याला सुटलेले पाणी आटेपर्यंत हलवायचे आणि वर खोलगट झाकण ठेवून झाकणात पाणी ओतायचे. तेच पाणी तापले की आत घालायचे. गार पाणी ओतले की उकळी मोडते, मटण शिजायला वेळ लागतो आणि ते चिवट राहते. बकरे कोवळे असेल तर पाऊण तास पुरतो, निबर असेल तर सव्वा तासही जातो. कुकरमध्ये हे वीस मिनिटांत होते, पण शिट्ट्या एकदोन जास्त झाल्या तर मटण हाडावरून सुटते आणि सुक्क्याला तुकडाच उरत नाही.

इथे हळदीचे भान ठेवावे लागते. घरी सवयीने चमचाभर हळद पडते आणि मग पांढरा रस्सा पिवळा का झाला, हे कुणाला कळत नाही. खानावळीत अळणीला हळद चिमूटभर, किंवा पांढऱ्यापुरते अळणी काढून घेईपर्यंत अजिबात नाही.

पांढरा रस्सा

एक लिटर अळणीला एका मध्यम नारळाचे दाट दूध, दहा-बारा काजू, एकेक मोठा चमचा तीळ आणि खसखस (दोन्ही भिजवून, लोण्यासारखे मऊ वाटून), दोन हिरव्या मिरच्या. तुपावर दालचिनी, लवंग, मिरी आणि हिरवा वेलदोडा तडतडला की वाटण परतायचे, पण रंग बदलू द्यायचा नाही. मग अळणी, एक उकळी, आणि आच अगदी मंद करून शेवटी नारळाचे दूध. यानंतर उकळू दिला की रस्सा फाटतो : वर तुपकट थर, खाली पाणी, मध्ये चोथ्याचे कण. फाटलेला रस्सा जुळत नाही. दूध घालताना रस्सा सारखा ढवळावा लागतो आणि लिंबू कधीही पातेल्यात पिळायचे नसते. ज्याला हवे त्याने ते वाटीत पिळावे.

खसखस महाग झाली तशी तिच्या जागी मगज बी आली. त्यावर आक्षेप घेण्यासारखे काही नाही. आक्षेप आहे तो मैद्यावर आणि कॉर्नफ्लॉवरवर. ओळख सोपी : वाटी दहा मिनिटे तशीच ठेवावी. साय धरून रस्सा खळीसारखा झाला तर पीठ आहे. नारळाच्या दुधाचा रस्सा निवला तरी पातळच राहतो, फक्त वर तुपाचे बारीक ठिपके जमतात. हा रस्सा दुपारपर्यंतच खरा. सकाळी एकदाच केलेला संध्याकाळपर्यंत आंबूस वास धरतो, म्हणून रात्रीची खेप वेगळी करावी लागते.

तांबडा रस्सा आणि चटणी

तांबड्याची चव चटणीत. कोल्हापुरात नुसते 'चटणी' म्हटले की कांदा-लसूण मसाला. तो वर्षाचा एकदम, उन्हाळ्यात, डंकावर (मसाला कुटायच्या यंत्रावर) कुटून आणतात. एक किलो मिरचीला सामान्य माप असे : ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी, निम्मी-निम्मी; कांदा पाऊण किलो, लसूण पाव किलो, सुके खोबरे पाव किलो, धणे पाव किलो, तीळ शंभर ग्रॅम, खसखस आणि जिरे पन्नास-पन्नास ग्रॅम, लवंग-दालचिनी-दगडफूल-तमालपत्र वगैरे मिळून शंभर-सव्वाशे ग्रॅम, मीठ पाव किलो, आणि भाजायला तेल. कांदा कापून उन्हात सुकवून मग तेलात कुरकुरीत होईतो तळायचा. तो मऊ राहिला तर पावसाळ्यात बरणीला बुरशी येते. मिरचीला ऊन कमी मिळाले तर ती डंकाखाली कुटली न जाता चिकटते. लसूण कच्चा घालणारे आणि तळून घालणारे असे दोन पक्ष आहेत. कच्च्याने वास जास्त दरवळतो, तळल्याने मसाला जास्त टिकतो.

रश्श्यासाठी एक लिटर अळणीला चटणी अडीच ते तीन मोठे चमचे, भाजलेले सुके खोबरे आणि कांदा वाटून अर्धी वाटी, तीळ-खसखशीचे वाटण, आले-लसूण-कोथिंबीर. तेल सढळ, चार मोठे चमचे तरी. वाटण तेल सुटेपर्यंत परतले की आच कमी करून चटणी घालायची आणि लगेच पळीभर गरम अळणी. हा 'लगेच' महत्त्वाचा. कोरडी चटणी गरम तेलात दहा-पंधरा सेकंद जास्त राहिली की करपते, रस्सा काळपट होतो आणि मागे कडवट चव उरते. उलट, चटणी न परतता उकळत्या रश्श्यात ओतली तर ती कच्ची राहून घशाला लागते. पंधरा मिनिटे उकळल्यावर लाल तवंग कडेला जमू लागला की रस्सा झाला.

कोल्हापुरी म्हणजे जाळ, हा समज बाहेरच्या हॉटेलांनी पसरवला. व्हेज कोल्हापुरी नावाची लालभडक भाजी खानावळीच्या यादीत सापडणार नाही. इथला तांबडा रस्सा झणझणीत आहे, पण त्यात खोबरे, तीळ आणि कांदा इतका असतो की नुसते तिखट पुढे येत नाही. खाताना घाम येतो, पोटात आग पडत नाही. पडली तर खानावळ चुकली.

सुक्के मटण याच वाटणात, अळणीतून काढलेले तुकडे घालून, कडेने तेल सुटेपर्यंत आटवतात. त्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मटण नीट शिजले असेल तर सुक्के सहसा बिघडत नाही.

खाण्याची रीत

आधी पांढरा, तोही पिऊन. मग भाकरी कुस्करून तांबड्यात काला, मध्ये मध्ये सुक्क्याचा तुकडा. भात शेवटी, आणि त्यावर दोन्ही रस्से एकत्र. पांढऱ्याने तांबड्याचा जाळ शांत होतो, म्हणून तिखटाची सवय नसलेल्याने दोन भाग पांढरा आणि एक भाग तांबडा या मापाने सुरुवात करावी. चमचा मागितला तर मिळतो, पण वाटी तोंडाला लावण्यात इथे कुणाला संकोच नाही.

वार आणि ऋतू

बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवारी गर्दी निम्म्यावर येते, श्रावणात काही खानावळी रंगकाम काढतात किंवा सरळ कुलूप लावतात. त्याआधीचा आखाड मात्र वर्षातला सर्वांत तेजीचा काळ. खेड्यांतल्या जत्रा आणि म्हाईच्या दिवसांत शहरातले गिऱ्हाईक गावाकडच्या पंगतीला जाते, तेव्हाही खानावळ ओस. मटणाचा दर हा इथे भाजीच्या दरासारखा चर्चेचा विषय. २०१९च्या अखेरीस दर चढले, तेव्हा शहरात त्यावर चक्क आंदोलन झाले. खानावळवाल्याला दर वाढला तरी ताट लगेच महाग करता येत नाही. तो आधी तुकडा लहान करतो, मग खोबरे कमी करतो, आणि किंमत बदलतो ती नवी पाटी रंगवायची वेळ आली की.

सकाळ आणि रात्र

खानावळ दुपारी बारापासून. सकाळ मिसळीची. उद्यमनगरातल्या लेथ आणि फौंड्रीवर पाळीला जाणाऱ्या कामगारांची न्याहारी म्हणून ती रुजली. फडतरे, चोरगे, बावडा, खासबाग ही त्यातली जाणती नावे. बटाट्याची भाजी, मोड आलेल्या मटकीची उसळ, शेव-चिवडा, कांदा-कोथिंबीर आणि वरून कट. कट म्हणजे याच चटणीचा, पण मटणाशिवायचा रस्सा. तो उसळीपासून वेगळ्या पातेल्यात उकळत ठेवतात, कारण मटकी त्यात शिजत राहिली तर तिचे पीठ होऊन कट गढूळ होतो. पुण्या-मुंबईच्या पावाऐवजी इथे स्लाइस ब्रेड मिळतो आणि पाहुणे हटकून नाराज होतात. दुपारी एकनंतर कट संपला की दुकान बंद. जास्तीचा करून ठेवण्याची पद्धत नाही. संध्याकाळी खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ आणि रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे धारोष्ण दूध, असा दिवस संपतो. तांबड्या रश्श्याचे जेवण आणि पेलाभर दूध यांत चार तासांचे अंतर असलेले बरे.

बांधून नेताना

पार्सल घेताना दोन्ही रस्से वेगळे आणि भाकरी कागदात मागावी. पांढरा रस्सा उकळता पिशवीत भरून गाठ मारली तर घरी पोहोचेपर्यंत फाटतो. तो कोमट झाल्यावरच डब्यात घ्यावा. घरी गरम करताना डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ढवळावा, थेट आचेवर चढवू नये. तांबड्याला अशी काळजी लागत नाही. तो दुसऱ्या दिवशी मुरतो, आणि शिळ्या भाकरीबरोबर तर पहिल्या दिवसापेक्षा सरस लागतो.