इंग्रजीच्या वर्गातील डिजिटल साधने आणि अभ्यासप्रेरणा

इंग्रजी शिकण्याची ओढ विद्यार्थ्यांत निर्माण व्हावी व टिकावी, यासाठी मोबाइल, टॅब, प्रोजेक्टर, प्रश्नमंजूषेची अ‍ॅप, ध्वनिमुद्रण, व्हिडिओ कॉल अशा साधनांचा वर्गात केला जाणारा वापर. हा विषय जगभर अभ्यासला जातो. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांचा विचार प्रामुख्याने केला आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवले जाते. मराठी शाळेतील मुलाच्या कानावर ही भाषा बहुधा तासापुरतीच पडते. घरी, शेतात, बाजारात तिच्यावाचून काही अडत नाही. भाषाशिक्षणातील प्रेरणेचा पायाभूत अभ्यास कॅनडात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट यांनी केला. त्यांनी दोन प्रकार मांडले: ती भाषा बोलणाऱ्या समाजात मिसळण्याची इच्छा आणि नोकरी-शिक्षणासारखा व्यावहारिक हेतू. आपल्याकडे पालकांच्या मनात दुसरा हेतू पक्का असतो, पण तिसरीतल्या मुलाला पंधरा वर्षांनंतरच्या नोकरीचे काय! त्याला आज, याच तासाला बोलावेसे वाटेल असे काही लागते. म्हणून वर्गाच्या दृष्टीने मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांची मांडणी अधिक उपयोगी पडते. आपले आपण ठरवता येणे, आपल्याला जमते आहे असे वाटणे आणि इतरांशी नाते जुळणे, या तीन गरजा भागल्या की माणूस आपणहून शिकतो, असे ते सांगतात. कोणतेही अ‍ॅप याच कसोटीवर तपासावे.

२२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतरच्या काळात जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळा ‘डिजिटल’ झाल्या. बराचसा खर्च गावकऱ्यांनी लोकवर्गणीतून उचलला. प्रोजेक्टर आले, इंग्रजी कवितांचे व्हिडिओ भिंतीवर दिसू लागले, पटसंख्येलाही काही ठिकाणी हातभार लागला. मात्र नुसते पाहणे म्हणजे बोलणे नव्हे. पडद्यासमोर मुले रमतात, समूहात कविता म्हणतात, आणि पडदा बंद झाला की एक वाक्य स्वतःचे जुळवताना अडखळतात. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत मोबाइलने टिपताच ध्वनी वा व्हिडिओ उघडणारे क्यूआर कोड आणले. या कामासाठी त्यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले, आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या ऑनलाइन अभ्याससाहित्याच्या राष्ट्रीय मंचाशी पाठ्यपुस्तके जोडली गेली. इंग्रजीच्या बाबतीत याचा साधा पण मोठा फायदा असा, की ज्या घरात कोणालाच इंग्रजी वाचता येत नाही, तिथेही मुलाला कवितेचा उच्चार हवा तितक्या वेळा ऐकता येतो.

प्रश्नमंजूषेची अ‍ॅप सर्वांत लोकप्रिय ठरली. २०१३ मध्ये आलेले नॉर्वेचे काहूत वेळेशी शर्यत लावते, तर बंगळूरमध्ये जन्मलेल्या क्विझिझमध्ये (२०२५ पासून नाव ‘वेग्राउंड’) प्रत्येकाला आपल्या गतीने जाता येते. दोन्हींना बहुधा वर्गात अनेक यंत्रे लागतात. जिथे शिक्षकाचा एकच मोबाइल आहे तिथे प्लिकर्स चालते: प्रत्येक मुलाच्या हातात चौकोनी आकृती छापलेले एक कार्ड असते, त्याची कोणती बाजू वर धरली यावरून उत्तर ठरते आणि शिक्षक मोबाइलच्या कॅमेऱ्याने सगळ्या वर्गाची उत्तरे टिपतो. शेजाऱ्याने काय उत्तर दिले हे मुलांना सहसा कळत नाही. चुकल्यावर वर्ग हसेल, या भीतीने गप्प बसणाऱ्यांसाठी ही गोष्ट लहान नाही.

या खेळांची मर्यादाही स्पष्ट आहे. चार पर्यायांतून शब्द ओळखता येतो, वाक्य रचता येत नाही. गुणफलकावर पहिली तीन नावे उजळतात, तळाची मुले हळूहळू अंग काढून घेतात. काहूतच्या निर्मितीशी संबंधित असलेले प्राध्यापक आल्फ इंगे वांग यांनीच २०१५ मध्ये नवेपणा ओसरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांच्या वापरानंतरही विद्यार्थ्यांचा रस बराचसा टिकला, पण वर्गातला उत्साही गलबला कमी झाला, असे त्यात आढळले. रोज एकच खेळ खेळवणाऱ्या शिक्षकाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

खरी प्रेरणा निर्माण होते ती समोर ऐकणारा आला की. ‘मिस्टरी स्काइप’ हा खेळ त्याचे उत्तम उदाहरण आहे. दोन देशांतील वर्ग व्हिडिओ कॉलवर येतात आणि हो किंवा नाही एवढेच उत्तर असलेले प्रश्न विचारून एकमेकांचे ठिकाण शोधतात. ‘इज युवर कंट्री इन एशिया?’, ‘डू यू लिव्ह निअर द सी?’ व्याकरणाच्या तासाला महिनाभर घोटूनही न बसणारी ही प्रश्नरचना इथे मुले स्वतःच नीट करतात, कारण चुकीचा प्रश्न समोरच्याला कळत नाही आणि डाव जातो. नकाशा पाहणारा गट, प्रश्न लिहिणारा गट, बोलणारा गट अशी वाटणी केली की अबोल मुलालाही काम मिळते. युरोपातील शाळांशी आपली दुपार जुळते, अमेरिकेशी नाही. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झाले, खेळ मात्र इतर व्हिडिओ सेवांवर खेळता येतो.

याच विचाराची आधीची पायरी म्हणजे शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांचे प्रयोग. १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजी भागात वस्तीतल्या मुलांना आपणहून वापरता यावा म्हणून त्यांनी भिंतीत संगणक बसवला. २००९ पासून ‘ग्रॅनी क्लाउड’द्वारे प्रामुख्याने ब्रिटनमधील स्वयंसेवक भारतीय मुलांशी इंग्रजीत गप्पा मारू लागले. हे लोक पाठ शिकवत नसत. गोष्ट वाचत, प्रश्न विचारत आणि आजीसारखे कौतुक करत. मित्रा यांना मिळालेल्या २०१३ च्या टेड पारितोषिकातून उभ्या राहिलेल्या, मुलांनी आपले आपण शिकण्याच्या प्रयोगशाळांपैकी एक सातारा जिल्ह्यात फलटणला होती. शिक्षकाशिवाय मुले शिकतात हा मित्रा यांचा दावा अनेक अभ्यासकांना मान्य नाही. आजीच्या कौतुकाचे महत्त्व मात्र त्या वादात न पडताही मान्य करता येते.

ध्वनिमुद्रणाकडे त्यामानाने दुर्लक्ष झाले आहे. उतारा वाचून त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवायला सांगितले, की मनासारखा होईपर्यंत मुले तो पुन्हा पुन्हा वाचतात. वहीत पाच वेळा लिहायला सांगून हे साधत नाही. २०१९ मध्ये ‘बोलो’ या नावाने भारतात आलेले गूगलचे वाचन-अ‍ॅप मुलाचे वाचन ऐकून चुकलेला शब्द सांगत असे. करोनाच्या काळात अशा साधनांवर सगळी भिस्त आली तेव्हा अडचणही उघड झाली: घरात मोबाइल एकच, तो वडिलांबरोबर कामावर गेलेला.

शिक्षकाची स्वतःची बोलण्याची भीड हा यातला नाजूक भाग आहे. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स व ब्रिटिश कौन्सिल यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकांचे गट प्रत्यक्ष भेटत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांशी इंग्रजीतून बोलत, कारण साधन कसे चालवायचे यापेक्षा त्यांना सरावाची गरज अधिक होती. शाळेचे थकलेले वीजबिल ही अडचण तर सर्वस्वी वेगळी. जोडणी तोडली गेली की लोकवर्गणीचा प्रोजेक्टर कपाटात जातो, आणि तासाला शिक्षकाच्या खिशातला मोबाइल तेवढा उरतो.