कोठ्यातल्या मळाची भीती आली कुठून?

मे सरत आला, आंबे-फणस खाऊन झाले, की मृगाच्या आधी आमच्याकडे एक दिवस एरंडेलाचा असे. पहाटे पडवीत आजी आल्याचा कोरा चहा करायची. त्यावर चमचाभर एरंडेलाचा जाड तवंग. नाक धरून एका घोटात संपवायचा. दुपारी फक्त उकड्या तांदळाची पेज आणि मीठ. हे वर्षातून एकदाच व्हायचं. आज किनाऱ्यावरच्या वेलनेस केंद्रांत आणि मोबाइलवर ‘आतड्याला वर्षानुवर्षं चिकटलेला मळ’ धुण्याची पॅकेजं विकली जातात, ती याच जुन्या सवयीचा हवाला देतात. म्हणून हा इतिहास नीट सांगायला हवा.

इजिप्तच्या एबर्स पपायरस या वैद्यकाच्या जुन्या ग्रंथात, सुमारे इ.स.पू. १५५० मध्ये, एनिमाचे, म्हणजे गुदद्वारातून द्रव सोडून पोट साफ करण्याचे, उल्लेख सापडतात. आपल्याकडे पंचकर्मात विरेचन (जुलाब देणं) आणि बस्ती (एनिमासारखा उपचार) आहे, हठयोगात धौती (अन्नमार्ग धुण्याची क्रिया) आणि बस्ती. पण बस्ती कोणाला द्यावी याबरोबर कोणाला देऊ नये, हेही चरकसंहिता सविस्तर सांगते. पॅकेजमध्ये नेमकं तेवढंच गळतं.

जाहिरातींतली ‘विषारी द्रव्यं’ मात्र युरोपातून आली. पॅरिसचे डॉक्टर शार्ल बुशार यांनी १८८० च्या दशकात मांडलं की आतड्यात कुजलेल्या मळातून विष रक्तात उतरतं. लंडनचे सर्जन अर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठासाठी मोठं आतडंच काढून टाकू लागले. अमेरिकेत डॉक्टर जॉन हार्वी केलॉग यांनी एनिमाचा धडाका लावला. १९१९ मध्ये अमेरिकन डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी साधा प्रश्न विचारला: डोकं जड होणं, मरगळ हे सगळं रक्तातल्या विषामुळे असेल, तर शौचाला झाल्याबरोबर माणसाला हलकं कसं वाटतं? विष इतक्या झटकन उतरत नाही. १९२२ च्या एका प्रयोगात गुदाशयात नुसता कापूस भरला, तरी तीच लक्षणं दिसली. म्हणजे त्रास दाबाचा होता. वैद्यकानं हा सिद्धांत तिथंच सोडला, धंद्यानं सोडला नाही.

त्याची किंमत लोकांनी मोजली. १९७८ ते १९८० या काळात अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये एका क्लिनिकच्या आतडी धुण्याच्या यंत्रातून अमीबाचा संसर्ग पसरला. किमान ३६ जण आजारी पडले, दहा जणांचं मोठं आतडं काढावं लागलं, त्यातले सहा दगावले.

आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, त्यामुळे वर्षांचा मळ चिकटून राहायला तिथं जागाच नसते. उलट वारंवार धुण्यानं शरीरातलं पाणी आणि क्षार वाहून जातात, आणि नळीनं आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो तो वेगळाच. आमच्या शेजारच्या काकू रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत. मोबाइलवर बघून त्यांनी लागोपाठ तीन दिवस मिठाचं पाणी पिऊन पोट धुतलं आणि चौथ्या दिवशी न्हाणीच्या दारात कोसळल्या. रक्तातलं पोटॅशियम पार उतरलं होतं. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. पोटात जोरात दुखत असताना जुलाबाचं औषधही घेऊ नये, अपेंडिक्स फुटू शकतं.

मग कोठा जड का होतो? मला याचं उत्तर डोंगरउतारावरच्या हलक्या, वरकस जमिनीत दिसतं. त्या उतारावरची नाचणी आणि वरी मागे पडली, घरात पॉलिश केलेला पांढरा तांदूळ आला, न्याहारीला पाव आणि खारी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम तंतू (फायबर) आहेत, कुळथात जवळपास ८ आणि पांढऱ्या तांदळात तीनही नाहीत. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, पावसाळ्यात टाकळा, उन्हाळ्यात कोवळ्या फणसाची भाजी: आजीच्या पानात हे रोजचं होतं, म्हणूनच एरंडेल वर्षातून एकदा पुरायचं.

तंतू वाढवायचे ते हळूहळू, पाणीही वाढवून, नाहीतर पोट फुगतं. इसबगोल घेतलं तर वर पेलाभर पाणी हवंच. आणि शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर एरंडेलाची बाटली बाजूला ठेवून तालुक्याच्या डॉक्टरांकडे जा. मूळव्याध असेल म्हणून थांबू नका.