पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नव्हे, हवा
अमेरिकेतल्या मिसूरीत बॉन टेर ही शिशाची जुनी खाण आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद झाली, पंप थांबले आणि भूजलाने ती भरली. आता तिथे लोक स्कूबा, म्हणजे पाठीवर टाकी लावून पाण्याखाली पोहणं, करतात. अशा बातम्यांत हमखास छापून येतं, ‘ऑक्सिजन सिलिंडर लावून’. (तारकर्लीच्या बातम्यांतही तेच!) खरं तर टाकीत सहसा दाबून भरलेली साधी, कोरडी हवा असते, ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के. शुद्ध ऑक्सिजन घेऊन साधारण ६ मीटरच्या खाली गेलं, की तोच विषारी ठरू लागतो. झटके येतात, तोंडातला रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी देणारं साधन) सुटतो, माणूस बुडतो. खाणीत तर बऱ्याच ठिकाणी डोक्यावर दगडाचं छत, तिथे थेट वर यायची सोयच नाही. काही तरबेज पाणबुडे शुद्ध ऑक्सिजन नेतात, पण तो वर येताना कमी खोलीवर काही वेळ थांबतात, तेवढ्यापुरता.